न झालेला पाहण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी चंपतरावांच्या मेडिकलमध्ये, काउंटरच्या आत खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांना टेकून उभ्या असलेल्या रेणुकाला तिच्या नवऱ्यानं अमेरिकेतून फोनवर सांगितलं, की तू माझी मामेबहीण आहेस हे मद्रासला विसा काढताना कुणालाही कळता कामा नये. बाकीचं सगळं तो नेहमीसारखंच बोलला होता. तिकडची थंडी, आईचे गुडघे, मामांचं दुकान, पासपोर्ट नीट ठेवलास का. मग मधेच हे. "इकडं चालत नाही ते," उद्धव म्हणाला. "काही ठिकाणी तर गुन्हा धरतात म्हणे. विसाच्या खिडकीत हमखास विचारतात, तुम्ही दोघं पहिल्यांदा केव्हा भेटलात. तेव्हा मामा, आत्या काही काढायचं नाही. सांगायचं, स्थळ आलं होतं, मुलगा पाहायला आला होता. नीट पाठ कर." रेणुका हो म्हणाली. फोन ठेवला. चंपतरावांनी "काय म्हणते आमचा इंजिनेर?" असं विचारलं, तिनं "बरा हाय म्हणते" असं सांगितलं, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिचा पाय चुकला. पडली नाही. कुणी पाहिलंही नाही. पण पायरी जिथं असायला हवी होती तिथं नव्हती, असं तिला पुढं कितीतरी वेळ वाटत राहिलं.

आदिलाबादच्या बाजारात ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर तो पोट धरून हसला असता. इथं मामाची पोर करून आणणं म्हणजे घरचं सोनं घरात. उलट भावानं बहिणीला नाही म्हटलं तर बहीण माहेरचं पाणी पीत नाही, आणि दोन्ही गावं मिळून भावाला नावं ठेवतात. रेणुकाच्या बारशाला जयवंता आत्या मावल्याहून बैलगाडीनं आली होती, सोबत पाच वर्षांचा उद्धव. रीतीप्रमाणे आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, आणि त्याच दमात पाळण्याची दोरी धरून भावाला जाहीर केलं, की माणिक, ही माझी सून. उद्धवच्या मांडीवर ते गाठोडं ठेवण्यात आलं. त्यानं प्रेमानं त्याच्या तोंडात पेपरमिंट कोंबलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. ही हकिगत रेणुकानं इतक्या वेळा ऐकली होती, की तिला ती स्वतःलाच आठवते असं वाटे. पेपरमिंटचा गार तिखटपणा जिभेवर यायचा. पहिल्यांदा केव्हा भेटलात, या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नव्हतंच. जन्मल्यापासून जे आहे ते भेटतं कधी? आई गेली तेव्हा ती पाचवीत होती. त्यानंतर बाबा दुकान उघडायला जाताना तिला सायकलच्या दांडीवर बसवून मावल्याला सोडायचे, आणि ती दिवसभर आत्याच्या वांग्यांच्या वाफ्यांत, उद्धवच्या मागं मागं. त्यानं तिला पोहायला शिकवलं, विहिरीत ढकलून. तिच्या डोक्यातल्या उवा त्यानं पाहिल्या होत्या, तिनं त्याचं नापासाचं प्रगतिपुस्तक. लग्नात बाबा दोन ठिकाणी लागत होते, इकडं मुलीचा बाप म्हणून, तिकडं नवरदेवाचा मामा म्हणून, आणि दोन्हीकडं धावताना त्यांचा फेटा सुटला होता. त्या दिवशी सगळे हसत होते. त्या हसण्यात कुठं गुन्हा लपला होता, हे शोधत ती मावल्याच्या रस्त्यानं चालत राहिली.

तिनं आत्याला काही सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. माणिकराव बांगड्या-रिबिनीचं दुकान चालवणारा मऊ माणूस. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवताना गिऱ्हाइकाच्या आधी याच्याच तोंडून "आई गं" निघायचं. त्यांनी ऐकलं, शटर अर्धं ओढलं, आणि लेकीला घेऊन थेट कचेरीजवळ भगवंतराव वकिलांकडं गेले. भगवंतराव हे जमिनीचे वकील. उभा जन्म त्यांनी पट्टा, विरासत आणि बांधाची भांडणं यांत घालवला होता. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "माणिकराव," ते म्हणाले, "जमिनीचं काई असंन तं सांगा, आखरीपर्यंत लढतो. पण अमेरिकेचा तालुका आपल्या कचेरीत येत नाई." तरी वकील तो वकील, सल्ला दिल्याशिवाय त्याला राहवेना. नातं लपवायचं असेल तर नुसतं तोंडानं भागत नाही, दोन गवाह लागतात, बेला गावाकडचे दोन म्हातारे उभे करू, जे म्हणतील की ही दोन घरं लग्नाआधी एकमेकांना ओळखत नव्हती. माणिकरावांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून परत ठेवला. "म्हंजे," ते म्हणाले, "मी माह्या सख्ख्या बहिनीले वळखत नाई, असं लिहून देऊ?" भगवंतरावांनी घसा खाकरला. मग त्यांना एकदम आठवलं, की त्यांच्याबरोबर कायदा शिकलेले रिझवीसाहेब हैदराबादला हीच कामं करतात, बाहेरदेशी जाणाऱ्यांची. "हे बिमारी त्याच्या हातची हाय," ते म्हणाले. "माह्या नावानं जा." बाहेर आल्यावर माणिकराव लेकीला म्हणाले, "पोरी, हे तुह्या आत्याच्या कानी नको पडू देऊ. ते मरून जाईन."

पाठ मात्र ती करत होती. मेथी खुडताना, चुलीपुढं, न्हाणीत, ओठ न हलवता. उद्धवनं पुढच्या रविवारी सगळं बारकाईनं सांगितलं होतं. दुपारची वेळ. मी मित्राबरोबर आलो. तू साडी नेसली होतीस, अबोली रंगाची. मी विचारलं, शिक्षण कुठपर्यंत झालं? तू म्हणालीस, इंटरमीजिएट. मग पोहे आले. "पोहे कोणी केले?" रेणुकानं विचारलं होतं, कारण खिडकीतला साहेब हेही विचारील असं तिला वाटलं. "तुझ्या आईनं," उद्धव सहज म्हणाला. तारेवर नुसती खरखर झाली. त्याच्या लक्षात यायला एक क्षण लागला, आणि तो क्षणच रेणुकाला नंतर पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. ज्या दिवशी आईला नेलं त्या दिवशी हाच पोरगा तिचा हात धरून ओट्यावर बसला होता, संध्याकाळपर्यंत, लघवीलासुद्धा उठला नव्हता. "बरं, शेजारच्या काकूंनी केले म्हण," तो घाईनं म्हणाला. "कोण तपासायला येतंय?" त्याची बोलीही बदलली होती. पूर्वी तो काऊन म्हणायचा, आता का म्हणतो. नाई ऐवजी नाही. स्वच्छ, धुतल्यासारखं बोलतो. त्यात वाईट काय आहे, असं ती स्वतःला विचारी आणि उत्तर न देता पुढच्या ओळीवर जाई. शिक्षण कुठपर्यंत झालं? इंटरमीजिएट.

आणि मग भलतंच होऊ लागलं. तो न झालेला कार्यक्रम तिला दिसायला लागला. ओसरीवर सतरंजी. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक परका मुलगा खाली मान घालून बसला आहे. ती ताट घेऊन येते. काकणं वाजतात म्हणून ती हात सावरते. तो वर पाहतो. तिच्या आयुष्यात तिच्याकडं असं मान वर करून कधी कुणी पाहिलंच नव्हतं. उद्धवनं तिला पाहिलं होतं ते शेंबडी, रडकी, गुडघे फुटलेली, चिखलात बसलेली. लग्नाच्या रात्री दोघं हसूनच बेजार झाले होते, आणि मग तो म्हणाला होता, "रेणुके, आता काय करायचं वं?" या परक्या मुलानं मात्र तिला पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वांगी तोडता तोडता रेणुकाचा हात थांबे. आपण नवऱ्याला सोडून दुसऱ्याच कुणाचा विचार करतो आहोत असं वाटून ती भराभर पुढचं वांगं तोडे. दुसरा कुठला? तोच तर होता. पण तो नव्हताही. पाप म्हणावं तर नवऱ्याच्याच सांगण्यावरून चाललेलं, आणि पुण्य म्हणावं तर देवापुढं दिवा लावताना डोळे का चोरावे लागतात, हे तिला उमजेना. रात्री कूस बदलली की शेजारी आत्या झोपेत कण्हायची, गुडघ्यावर हात फिरवायची. या बाईला आपण ओळखत नाही, असं रेणुका मनात म्हणून पाही. मग उठून तिच्या गुडघ्याला तेल चोळत बसे.

उद्धवनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. आईला आत्या म्हणणं सोड. सासूबाई म्हण, नाहीतर आई म्हण. तोंडात आत्या बसलं की कुठंही निघून जातं, इथं माझ्यासोबत राहणारी हिंदीवाली पोरं आहेत, त्यांना आत्या म्हणजे बुआ एवढं कळतं. विसाच्या खिडकीत या पोरांचा काय संबंध, हे रेणुकाच्या तेव्हा लक्षात आलं नाही. भीतीत माणसाला जे सांगितलं ते ऐकू येतं, का सांगितलं ते ऐकू येत नाही. एका सकाळी आत्या मोटेच्या थारोळ्याजवळ मुळे धूत बसली होती. रेणुका मागून गेली, मनाचा हिय्या केला आणि म्हणाली, "सासूबाई, मी नेतो टोपली." आत्यानं वळून पाहिलं. तिच्यामागं आणखी कुणी उभं आहे का, असं पाहिलं. मग हातातला मुळा पाण्यात सोडून दिला. "काऊन वं पोरी," ती म्हणाली, "म्या काय केलं?" रेणुका पाण्यातला मुळा काढायला वाकली. "पाहाटचं दूध सांडलं म्हून बोललो ते लागलं का तुले? माही जीभच जळो. पन असं नको म्हनू बाई. माह्या भावाच्या घरी म्या कोन्तं तोंड घेऊन जाऊ?" दिवसभर आत्या तिच्या मागं मागं फिरत राहिली, जेवताना तिच्या ताटात आपल्या वाटणीचं लोणी टाकलं, आणि संध्याकाळी माणिकरावांकडं निरोप धाडला की पोर रुसली हाय, येऊन जाय. रेणुका न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तो शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

हैदराबादला जायच्या दिवशी आत्यानं विचारलं, "वकील कायले लागते? आपून काय चोरी केली का?" माणिकराव म्हणाले, "कागदं दाखवा लागते वं बाई, आजकाल समदं वकिलाकडून करा लागते," आणि पिशवी उचलून तिच्याकडं न पाहता बाहेर पडले. बस गुडीहत्नूरच्या पुढं गेली तशी रेणुका पुटपुटायला लागली. स्थळ आलं होतं. दुपारची वेळ. माणिकराव शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना ऐकू जात होतं हे तिला माहीत होतं, आणि आपल्याला ऐकू जातं हे तिला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. बाजारात कुणीतरी सांगितलेलं तिच्या डोक्यात भोवऱ्यासारखं फिरत होतं. म्हणे चष्मेवाल्या साहेबाच्या खिडकीत कुणालाच मिळत नाही. म्हणे नवराबायकोला वेगवेगळं विचारतात, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं. म्हणे डोळ्यांत पाहिलं नाही तर खोटं समजतात, आणि डोळ्यांत पाहिलं तर उद्धट. आदिलाबादेत विसा पाहिलेला माणूस एक नव्हता, पण विसाचे जाणकार गल्लोगल्ली होते.

रिझवीसाहेब म्हातारे, पानानं रंगलेले ओठ, खोलीत पंखा आणि कबुतरांचा आवाज. त्यांनी लग्नाचे फोटो मागून घेतले आणि रेणुकाला म्हणाले, "बोलो अम्मा, शौहर से पहली मुलाक़ात कब हुई?" तिनं श्वास घेतला आणि सगळं घडाघडा म्हटलं. स्थळ, दुपार, अबोली साडी, इंटरमीजिएट, शेजारच्या काकूंचे पोहे. एक शब्द चुकला नाही. रिझवीसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग एक फोटो तिच्यापुढं सरकवला. त्यात डावीकडं तिचे बाबा, उजवीकडं तिची सासू. "बहुत अच्छा बोले आप," ते म्हणाले. "अब ये बोलो, आपके वालिद की और आपकी सास की नाक एक कैसे है?" रेणुकानं पाहिलं. पुढं किंचित वाकलेलं, नाकपुड्या फुगलेलं, तेच नाक दोन चेहऱ्यांवर. आजवर तिनं ते कधी वेगळं पाहिलंच नव्हतं. माणिकरावांचा तोल सुटला. त्यांनी हात जोडले. "मेरी बहन है साब. सगी बहन है. मैं झूट नहीं बोल सकता साब." आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"तो इसमें रोने का क्या है?" रिझवीसाहेबांना खरंच कळेना. "मेरी बेगम मेरी ख़ाला की बेटी है. चालीस साल हो गए, रोज़ लड़ती है." मग त्यांनी सावकाश समजावलं. लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्याला आणि रिवाजाला मंजूर असेल तर ते लोक बहुतेक मानतात. तिकडं काही राज्यांत मनाई आहे, हे खरं. मुलगा कुठं असतो? न्यू जर्सी? मग तिथं तर त्यांच्या स्वतःच्या लोकांनाही मनाई नाही. बायको म्हणून जायचं तर लग्न खरं आहे एवढंच त्यांना पाहायचं असतं. नवरा काय करतो, कुठं राहतो, लग्नाला कोण होतं, एवढंच विचारतील. साधे प्रश्न, साधी उत्तरं. विचारलं तेवढंच सांगायचं, पण जे सांगायचं ते खरं. "लेकिन एक बात याद रखो," त्यांनी बोट वर केलं. "जो बात छुपाने की नहीं, वो छुपाए और पकड़े गए, तो दरवाज़ा बंद. हमेशा के लिए. फिर मेरे पास भी नक्को आना." परतीच्या बसमध्ये माणिकराव निर्मळ गावापर्यंत गाढ झोपले, तोंड उघडं टाकून. रेणुका मात्र टक्क जागी. भीती गेली असं तिला वाटायला हवं होतं. पण भीती नुसती दुसऱ्या सीटवर जाऊन बसली होती. उद्धवनं वकिलाला का विचारलं नाही, हा प्रश्न तिला गुडीहत्नूरच्या आसपास पडला, आणि तिनं तो पदराच्या गाठीत बांधल्यासारखा गप्प बांधून टाकला.

पुढच्या रविवारी फोनवर तिनं एका दमात सगळं सांगितलं, रिझवीसाहेब, त्यांची बेगम, न्यू जर्सी. तिला वाटलं तो हुश्श करील, जुन्यासारखा "हात्तिच्या मारी" म्हणेल. तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "वकिलाचं काय जातं बोलायला? तू ठरलंय तेच बोल. मी इथं ऑफिसच्या वकिलालाही तसंच लिहून दिलंय, पाहून ठरलेलं लग्न. आता तू वेगळं बोललीस तर मी खोटा पडतो." चंपतराव गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देत होते, कात्रीचा आवाज येत होता. रेणुकाला वाटलं, आता दोन्हीकडून दार बंद. खरं बोललं तर नवरा खोटा ठरतो आणि त्याची नोकरीही जाईल की काय कोण जाणे, खोटं बोललं तर आपण कायमच्या इकडं, तो तिकडं. बाबांना हे सांगण्याची सोय नव्हती, त्यांची झोप आत्ता कुठं परत आली होती. मद्रासला जाईपर्यंतचे दिवस तिनं दोन्ही उत्तरं पाठ करण्यात घालवले. एक सकाळी, एक संध्याकाळी. दोन्ही पाठ झाल्यावर दोन्ही सारखीच खोटी वाटू लागली. बारशाची गोष्टसुद्धा कुणीतरी शिकवलेली वाटली.

मद्रासच्या रांगेत ऊन, घाम आणि मोगऱ्याचा वास. बाबा फाटकाबाहेर राहिले, त्यांना आत सोडत नाहीत. आतल्या थंडगार हॉलमध्ये रेणुकाचे दात वाजायला लागले. पुढची बाई खिडकीवरून रडत परतली, तिच्यामागचा तरुण हसत. कोणत्या खिडकीत कोण आहे ते पाहायचं नाही असं ठरवूनही तिनं पाहिलं, आणि तिचा नंबर नेमका चष्मेवाल्या साहेबाच्या खिडकीत लागला. साहेब तरुण होता, सर्दी झालेला. त्याच्याशेजारी दुभाषी म्हणून एक पन्नाशीची बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं हिंदी की तेलुगू विचारलं. आदिलाबादच्या शाळेत शिकलेल्या रेणुकाच्या तोंडून तेलुगू निघालं. नवरा काय करतो, पगार किती, कुठं राहतो, लग्नात किती माणसं होती. आणि मग, अगदी कंटाळलेल्या आवाजात, तुम्ही दोघं पहिल्यांदा केव्हा भेटलात?

तिनं तोंड उघडलं. अबोली साडी ओठांपर्यंत आली. त्या ओसरीवरचा तो लाल कानांचा मुलगा वर पाहत होता, अगदी समोर, आणि तिला त्या क्षणी कळलं की याच्याबद्दल एकदा बोललं की मग तोच खरा होईल, आणि विहिरीत ढकलणारा तो दुसरा उद्धव जगात कुठंच उरणार नाही. "मला आठवत नाही," ती म्हणाली. साहेबानं प्रथमच मान वर केली. रेणुका काचेजवळ सरकली. "माझं बारसं होतं. ते माझ्या आत्याचे चिरंजीव आहेत." दुभाषी बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "मेनरिकम," ती सवयीनं म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी, आणि साहेबाला इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. इथल्या बाजूला असंच असतं, मामाची मुलगी. साहेब शिंकला. माफी मागितली. काहीतरी खरडलं आणि संध्याकाळी पासपोर्ट घेऊन जायला सांगितलं. एवढंच. तिच्यामागच्या माणसानं खिडकीशी यायला सुरुवातही केली. ज्या गोष्टीसाठी तिचं अन्न उतरत नव्हतं त्या गोष्टीला इथं एक चालू, झिजलेला शब्द होता, आणि तो ऐकायलाही कुणाला वेळ नव्हता.

बाहेर आल्यावर माणिकरावांनी रस्त्यातच तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग ते नारळ आणायला गेले आणि ती टेलिफोनच्या बूथमध्ये शिरली. काचेचं दार लावलं की आत श्वास कोंडत होता. उद्धव झोपेतून उठला होता. मिळाला म्हणताच तो ओरडला, खरोखर ओरडला, आणि क्षणभर तो मावल्याचा उद्धव झाला. "काय वं रेणुके! मिळाला काय!" मग त्यानं विचारलं, काय काय विचारलं? तिनं सांगितलं. "मग?" "मी खरं सांगतलं." फोनच्या मीटरचे आकडे भराभर पळत होते. "त्याले काईच वाटलं नाई उद्धव. तुह्या वकिलाचं बी त्यानं काई काढलं नाई." आणि मग हळूहळू, तुकड्यातुकड्यानं, त्यानं सांगितलं. ऑफिसच्या वकिलाला त्यानं काही लिहून दिलंच नव्हतं. तिकडच्या गोऱ्या माणसाला कशाचंच काही नव्हतं. खोलीतला एक कानपूरचा मुलगा होता. पहिल्या आठवड्यात लग्नाचा फोटो पाहताना उद्धवनं कौतुकानं सांगितलं होतं, ही माझ्या मामाची मुलगी. तो मुलगा खो खो हसला होता. म्हणाला होता, यार, वो तो बहन हुई. आणि मग सगळी खोली हसली होती. पुढं उद्धवनं घर बदललं, नवीन मित्र केले, आणि त्यांना स्थळ, पोहे आणि अबोली साडी सांगून टाकली. "तू ये," तो म्हणाला. "पण इथं तसंच राहू दे, रेणुका. एवढं कर माझ्यासाठी." तिच्या मनात एकच नाव होतं. "अन् आत्या?" तिनं विचारलं. "आत्याले कवा नेतं?" "आईला इथं कसं आणायचं?" उद्धव म्हणाला. "ती गप्प बसेल का? पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटेल. नको. मी येत जाईन ना तिकडं, दोन-तीन वर्षांनी." पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. तो रडत असावा असं तिला वाटलं, आणि तिला त्याची कीवही आली, रागही आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली. आता खिडकी नव्हती, साहेब नव्हता, ज्याच्याकडून होय किंवा नाही ऐकून परतता येईल असं कुणी नव्हतं. आता हा माणूस होता, आणि याच्याबरोबर जन्म काढायचा होता.

मावल्याला पोचली तेव्हा आत्या दारातच उभी होती, हातात भाकरतुकडा घेऊन. ओवाळून झाल्यावर तिनं पासपोर्ट उलटा धरून विसा पाहिला, त्यावर हळदकुंकू लावू का विचारलं, आणि नको म्हटल्यावर नुसता कपाळाला टेकवला. मग तिला ओसरीवर बसवून पाणी दिलं. "फोन केला का उद्धवले? काय म्हनला?"

"लय खूश झाला," रेणुका म्हणाली.

"अन् माहं? मले कवा नेतो म्हनला?"

रेणुकानं तांब्या खाली ठेवला. पाठ न करता, न अडखळता, आत्याच्या डोळ्यांत पाहून ती म्हणाली, "माह्या पहिल्या बाळंतपनाले. तिकीट धाडतो म्हनला." मद्रासच्या त्या खिडकीत जे जमलं नव्हतं ते या ओसरीवर किती सोपं होतं. तिचा आवाजसुद्धा हलला नाही. आपल्याच आवाजाची तिला भीती वाटली.

आत्याच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. गुडघ्यावर हात देऊन ती तिच्यासमोर मांडी घालून बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, आणि ताठ झाली. "मंग मले बी इचारतीन त्या खिडकीत," ती म्हणाली. "आतापासूनच पाठ करतो. तू साहेब हो. इचार."

"राहू दे वं आत्या. मी थकली."

"इचार म्हनतो नं."

"कोनाकडं चालल्या?"

"माह्या पोराकडं."

"कायले?"

"सुनंच्या बाळंतपनाले."

रेणुकाला वाटलं, इथंच थांबावं. पण आत्या डोळे लावून बसली होती, हुशार मुलगी परीक्षेला बसते तशी. "सुनंले कवापासून वळखता?" तिनं विचारलं.

आत्या हसली. इतकं हसली की तिला ठसका लागला. "अवो साहेब," ती म्हणाली, "सून कायची! माह्या भावाची पोर हाय ते." मग एकदम गंभीर होऊन तिनं रेणुकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बराबर हाय नं वं? असंच सांगा लागते नं?"

"बराबर हाय," रेणुका म्हणाली. "असंच सांगजो."

"इचार, अजून इचार," आत्या म्हणाली. "मी नाई भेत."